पेप्टाइड आणि मेम्ब्रेनच्या प्रयोगात या चुका टाळा

जिवाणूनाशक पेप्टाइडवर (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांवर) काम करायला आलेलं नवं पोरगं पहिल्याच आठवड्यात एक चित्र काढून आणतं: जिवाणूची दुहेरी थराची मेम्ब्रेन (पेशीचं पातळ आवरण), तिला पडलेलं भोक आणि भोकाच्या कडेने ओळीत उभी पेप्टाइडं. मी विचारतो, "बाबा रे, पेप्टाइड तिथवर पोचलं का?" त्यावर गप्प.

ही पेप्टाइडं बहुतेक धनभारित असतात. आपल्याच शरीरातल्या एलएल-३७ या पेप्टाइडवर +६ भार. जिवाणूच्या मेम्ब्रेनमध्ये फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल, कार्डिओलिपिन अशी ऋणभारित लिपिडं (चरबीसारखे रेणू) असतात, म्हणून पेप्टाइड तिकडे ओढलं जातं. पण या भाराला जिवाणू आणि प्लॅस्टिक यांत फरक कळत नाही.

मी दुसऱ्या वर्षाला असताना एलएल-३७ ची ई. कोलाय या जिवाणूवरची एमआयसी (त्याची वाढ थांबवणारी किमान सांद्रता) काढत होतो. येत होती ६४ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. अपेक्षेच्या कितीतरी वर. मी पेप्टाइड बनवून देणाऱ्यांना कडक मेल लिहिली. त्यांनी बिचाऱ्यांनी नवा लॉट पाठवला, सोबत मास स्पेक्ट्रमही. पुन्हा ६४. मग कल्चर बदललं, ब्रॉथ बदललं, इन्क्युबेटरचं तापमान तपासलं. दोन महिने गेले. एकदा नेहमीच्या पॉलिस्टायरिन प्लेट संपल्या, म्हणून कपाटात मागे पडलेल्या पॉलिप्रोपिलीनच्या काढल्या आणि एमआयसी ८ आली. तीन खाने खाली! नेहमीच्या प्लेट टिश्यू कल्चरसाठीच्या होत्या. पेशी चिकटाव्यात म्हणून त्यांचा पृष्ठभाग मुद्दाम ऋणभारित केलेला असतो, आणि माझं पेप्टाइड जिवाणू सोडून त्या भिंतींवर जाऊन बसत होतं. सिरीयल डायल्यूशनमध्ये (एका खान्यातून पुढच्यात पातळ करत जाताना) तर दर पायरीला थोडं थोडं गळतं, त्यामुळे शेवटच्या खान्यांत लिहिलेला आकडा कागदावरच राहतो. ती मेल आठवली की आजही कान गरम होतात.

तेव्हापासून माझ्या टेबलावर पेप्टाइडसाठी पॉलिप्रोपिलीनच. डायल्यूशन ०.०१ टक्के ॲसेटिक आम्लात, त्यात ०.२ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन). ही ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या रॉबर्ट हँकॉक यांच्या प्रयोगशाळेची कृती, मी फक्त ती सोडत नाही. लायपोसोमच्या (लिपिडांच्या कृत्रिम पिशव्यांच्या) प्रयोगात मात्र बीएसए घालू नका, तिथे तेच नवीन दुखणं होतं. काचेची बाटली चालेल का, असं प्रत्येक बॅच विचारते. नाही, काचही ऋणभारितच.

वजन करून सांद्रता काढू नका. बाटलीतल्या एक मिलिग्रॅममध्ये ट्रायफ्लुओरोॲसेटेट (पेप्टाइडसोबत आलेला क्षार) आणि पाणीही असतं. २८० नॅनोमीटरला शोषण मोजू म्हणाल, तर एलएल-३७ मध्ये ना ट्रिप्टोफॅन ना टायरोसिन (हा प्रकाश शोषणारी अमिनो आम्लं), त्यामुळे यंत्र शून्याच्या आसपास दाखवतं आणि मुलं पेप्टाइड खराब झालं म्हणून रडत येतात. अमिनो आम्लांचं विश्लेषण करून घ्या. महाग आहे, पण एका लॉटला एकदाच लागतं.

दुसरं माझं आवडतं दुखणं: नुसतं "२ मायक्रोमोलर मॅगेनिन" (बेडकाच्या त्वचेतलं पेप्टाइड) असं लिहिणं, लिपिड किती ते न सांगता. दोघा विद्यार्थ्यांची यावरून चांगलीच जुंपली होती. पेप्टाइड एकच, लायपोसोम एकाच मिश्रणाचे, तरी एकाच्या लायपोसोममधून आत भरलेल्या रंगाची गळती जवळपास पूर्ण आणि दुसऱ्याची नावाला. वह्या मागवल्या. एकाने लिपिड २० मायक्रोमोलर घेतलेलं, दुसऱ्याने ४००. म्हणजे एकीकडे १:१०, दुसरीकडे १:२००. मेम्ब्रेनवर पेप्टाइडची गर्दी किती झाली यावर सगळं ठरतं, नळीतल्या सांद्रतेवर नव्हे. आणि बाहेर उरलेला रंग वेगळा करायला लायपोसोम कॉलममधून काढल्यावर लिपिड घातलं तेवढं उरत नाही, म्हणून लिपिडांमधलं फॉस्फेट मोजा. अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण ते टाळण्यासाठी लोक जेवढी कारणं देतात तेवढ्या वेळात ते झालंही असतं.

नुसत्या पीसीच्या (फॉस्फॅटिडिलकोलिन, भार शून्य) लायपोसोमवर मॅगेनिन चालत नाही, म्हणून ते निकामी आहे, असं ठरवू नका. पीसी म्हणजे आपल्या लाल रक्तपेशींच्या बाहेरच्या थराची नक्कल. मॅगेनिन तिथे फारसं बसत नाही, हेच तर त्याचं कौतुक. मधमाशीच्या विषातलं मेलिटिन मात्र पीसीलाही फाडतं. ई. कोलायच्या आतल्या मेम्ब्रेनची नक्कल हवी असेल तर पीई (फॉस्फॅटिडिलइथेनोलामाइन) आणि पीजी (वरचं फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल) मिसळा. स्टॅफिलोकॉकस ऑरियससाठी पीई घालायचं कारण नाही.

गळती मोजायला कॅल्सीन हा चमकणारा रंग लायपोसोमच्या आत ७० मिलिमोलर भरता, तर ते विरघळवायला किती सोडियम हायड्रॉक्साइड ओतलं हे लक्षात ठेवा. बाहेरच्या बफरची ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या कणांचं प्रमाण) ऑस्मोमीटरवर जुळवून घ्या, हिशेबावर विसंबू नका. नाहीतर लायपोसोम फुगतात आणि पेप्टाइड नसतानाच गळायला लागतात.

ट्रायटन (डिटर्जंट) घालून सगळे लायपोसोम फोडल्यावर मिळणारा गळतीचा शंभर टक्क्यांचा बिंदू प्रत्येक प्लेटवर नवा घ्या. कालचा उसना आणू नका.

डीपीपीसी (पीसीचाच एक प्रकार, ४१ अंशांखाली घट्ट होतो) त्या तापमानाखाली एक्स्ट्रूड करू नका, म्हणजे बारीक छिद्रांच्या फिल्टरमधून दाबून काढू नका. हात दुखेल आणि फिल्टर फाटेल.

टीएफई (ट्रायफ्लुओरोइथेनॉल) या द्रावकात पेप्टाइड हेलिकल (मळसूत्री) दिसलं म्हणजे मेम्ब्रेनमध्येही तसंच असेल, असं नाही. सीडी (पेप्टाइडचा आकार दाखवणारी प्रकाशाची चाचणी) लायपोसोमसोबत घ्या.

आणि गळती दिसली म्हणून थेट "टोरॉइडल पोअर" (लिपिडं कडेला वळून झालेलं भोक) लिहू नका. कॅल्सीन बाहेर आलं यावरून एवढंच कळतं की कॅल्सीन बाहेर आलं. भोकाचा आकार बघायचा असेल तर वेगवेगळ्या वजनाचे डेक्स्ट्रान (साखरेच्या लांब साखळ्या) आत भरून बघा, कुठलं अडकतं ते. जिवाणू कशाने मेला हा प्रश्न तर आणखी वेगळा: ब्युफोरिन-२ हे पेप्टाइड मेम्ब्रेन न फाडता आत शिरतं आणि डीएनएला धरतं.