जमवलेल्या पार्ट्सवर गॅसर बांधताय? या चुका टाळा

माझ्या गाडीचं इंजिन पहिल्यांदा चालू झालं तेव्हा गाडीला ब्रेक नव्हते, स्टेअरिंग बॉक्स टेबलावर पडलेला आणि कागदपत्रं हातात यायची होती. त्या दिवशी आनंद खूप झाला, पण पुढची दोन वर्षं त्या उलट्या क्रमाची भरपाई करण्यात गेली. म्हणून तुमच्यापैकी कोणी अमेरिकेत १९५५ च्या शेवी (शेव्हरोले) २१० सारखी जुनी दोन दारी गाडी घेऊन, पार्ट जमवत जमवत, रस्त्यावर कायदेशीर चालेल अशी गॅसर बांधायच्या विचारात असेल तर हे आधी वाचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, इथे पेट्रोलला गॅस म्हणतात, आणि ५०-६० च्या दशकात ड्रॅग रेसमध्ये पंपावरच्या पेट्रोलवर पळणाऱ्या गाड्यांचे गॅस क्लास असायचे, इंजिनच्या साइझच्या हिशेबात गाडीचं वजन किती पडतं त्यावरून ए, बी, सी असे गट. त्या गाड्या म्हणजे गॅसर. तेव्हाच्या टायरना पकड कमी, म्हणून पुढे सरळ एक्सल टाकून नाक वर उचलायचं म्हणजे सुटताना वजन मागच्या चाकांवर जाईल असा विचार होता. मी राहतो ओहायोत, आणि डेटनचे 'ओहायो जॉर्ज' मॉन्टगोमेरी आणि त्यांची १९३३ ची विलिस हे या प्रकारातलं फार मोठं नाव, त्यामुळे हे वेड इथे हवेतच आहे.

आता चुका. सगळ्यात आधी कागद, कारण इथे चुकलात तर बाकी सगळी मेहनत गॅरेजमध्येच बसून राहते. फ्रेम एकाची, बॉडी दुसऱ्याची, इंजिन तिसऱ्याचं असेल तर प्रत्येक पार्टची पावती, विकणाऱ्याची सही, तारीख हे सगळं पहिल्या दिवसापासून फाइलमध्ये ठेवा. ओहायोत अशी स्वतः जोडलेली गाडी स्टेट हायवे पॅट्रोलच्या, म्हणजे राज्याच्या हायवे पोलिसांच्या, इन्स्पेक्शनला न्यावी लागते आणि तिथे पावत्या बघतात. प्रत्येक राज्याचं वेगळं असतं, कॅलिफोर्नियात तर जुन्या स्मॉगच्या (धुराच्या) नियमात बसणाऱ्या अशा गाड्यांना वर्षाला फक्त ५०० चा कोटा आहे. आणि स्वॅप मीटला, म्हणजे जुन्या पार्ट्सच्या बाजारात, कोणी 'टायटल (मालकीचा कागद) आणि व्हीआयएन प्लेट (गाडीच्या ओळख नंबरची पट्टी) एकत्र देतो, तुमच्या बॉडीला लावून टाका' म्हणाला तर हात जोडून पुढे चला. प्लेट काढणं, बदलणं हा केंद्र सरकारच्या कायद्याने गुन्हा आहे.

दुसरी गोष्ट नाकाची उंची. फोटो बघून लोक एवढं नाक उचलतात की समोरचा रस्ता दिसत नाही. जुन्या गॅस क्लासच्या नियमात क्रँकचा (इंजिनच्या मुख्य दांड्याचा) मध्य जमिनीपासून २४ इंचांच्या वर नको असं होतं, ती मर्यादा आजही डोळ्यासमोर ठेवावी असं माझं मत आहे, शिवाय बंपरच्या उंचीचा तुमच्या राज्याचा नियम वेगळा बघा. आणि माप घेताना इंजिन, गिअरबॉक्स, रेडिएटर सगळं वजन गाडीत पाहिजे, जे टायर शेवटी लागणार तेच टायर पाहिजेत. मी रिकाम्या फ्रेमवर मापं घेऊन ब्रॅकेट वेल्ड केले आणि इंजिन बसल्यावर पाटे दबले, सगळे अँगल बदलले, मग ग्राइंडर घेऊन कापाकापी.

मग आला स्टेअरिंगचा थरथराट. साधारण ४५ मैलांच्या स्पीडला रस्त्यात एक खड्डा लागला आणि स्टेअरिंग हातातून सुटेल असं हलायला लागलं, पुढची दोन्ही चाकं थयथयाट करत होती. असं झालं तर घाबरून जोरात ब्रेक मारू नका, स्टेअरिंग घट्ट धरून हळूहळू स्पीड उतरवा. घरी येऊन मी काय केलं तर स्टेअरिंग डँपर, म्हणजे झटके शोषणारा शॉकसारखा पार्ट, लावला, दोन आठवडे बरं वाटलं, मग परत तेच. शेवटी सांगलीच्या काकांना व्हिडिओ कॉल लावला, त्यांचं आयुष्य ट्रकच्या गॅरेजमध्ये गेलंय, आणि आपल्याकडच्या ट्रकला पुढे हाच सरळ एक्सल, हेच पाटे. मी म्हटलं काका, डँपर अजून मोठा टाकू का, तर म्हणाले, "अरे आधी गाडी उचल आणि चाक वर-खाली धरून हलवून बघ, किंगपिन गेलीय तुझी." किंगपिन म्हणजे ज्या पिनभोवती पुढचं चाक वळतं ती. गेलीच होती. एक्सल जुन्या व्हॅनमधून काढलेला, वरून छान रंग मारलेला, आत बुश खलास.

तर क्रम असा ठेवा: चाक वर-खाली धरून हललं तर किंगपिन नाहीतर बेअरिंग, आजूबाजूला धरून हललं तर टाय रॉडचे (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याचे) जॉइंट. मग कॅस्टर, म्हणजे किंगपिन मागे किती कललीय तो अँगल, तो ५ ते ७ डिग्रीच्या मध्ये असला की गाडी सरळ धावते, आणि लक्षात घ्या नाक जेवढे डिग्री वर जातं तेवढा कॅस्टरही बदलतो. मग टो-इन, म्हणजे पुढची चाकं समोरून किती आत वळलीत ते, साधारण पाव इंचाच्या आत, मग चाकांचं बॅलन्सिंग. डँपर सगळ्यात शेवटी. आणि स्टेअरिंगचा ड्रॅग लिंक (स्टेअरिंग बॉक्सपासून चाकापर्यंतचा दांडा) आडवा असेल तर पॅनहार्ड रॉड (एक्सल बाजूला सरकू न देणारा दांडा) त्याला समांतर आणि शक्यतो तेवढ्याच लांबीचा हवा, नाहीतर खड्ड्यात एक्सल एका बाजूला आणि लिंक दुसऱ्या बाजूला ओढते आणि गाडी स्वतःच वळायला बघते.

इंजिनमध्ये सगळ्यात जास्त पैसे जातात ते 'सगळं शेवीचंच आहे, बसेल' या समजुतीने. शेवीचं स्मॉल ब्लॉक व्ही-८ इंजिन १९५५ ला २६५ (क्युबिक इंच) म्हणून आलं आणि नंतर दशकानुदशकं बनत राहिलं, बाहेरून सगळी सारखीच दिसतात, पण ४०० ला बॅलन्सचं वजन बाहेर, क्रँकच्या पुढच्या डँपरवर आणि मागच्या फ्लेक्सप्लेटवर (ऑटोमॅटिकच्या पातळ फ्लायव्हीलवर) असतं, १९८५ पर्यंतच्या ३५० ला ते आतच असतं. मला ४०० ची फ्लेक्सप्लेट ३५० ची म्हणून मिळाली आणि मी डोळे झाकून लावली. २५०० आरपीएमच्या वर अख्खी गाडी हादरायची. मी इंजिन माउंट बदलले, युनिव्हर्सल जॉइंट बदलले, काही फरक नाही. साधी टेस्ट आधी करायला हवी होती: गाडी जागेवर उभी ठेवून रेस करा, तेव्हाही हादरत असेल तर दोष इंजिनच्या बाजूला, फक्त पळताना हादरत असेल तर प्रोपेलर शाफ्ट, पिनियन अँगल (शाफ्ट मागच्या एक्सलला जोडला जातो तो अँगल) नाहीतर टायर.

१९८६ पासूनच्या ३५० ला क्रँकचा मागचा ऑइल सील एकसंध आला आणि फ्लायव्हीलच्या बोल्टचं वर्तुळ ३.५८ इंचांचं ३ इंच झालं, त्यामुळे जुनी आणि नवी फ्लायव्हील एकमेकांच्या इंजिनला लागतच नाहीत. स्टार्टर करकरत असेल तर फ्लेक्सप्लेटचे दात मोजा, १५३ दातांच्या प्लेटला दोन बोल्ट सरळ रेषेत असलेला स्टार्टर लागतो आणि १६८ ला तिरके बोल्ट असलेला. आणि ४०० च्या ब्लॉकवर ३५० चे हेड टाकत असाल तर वाफेची भोकं ड्रिल केल्याशिवाय टाकू नका, सिलिंडर एकमेकांना चिकटलेले असतात, तिथे वाफ अडकते आणि इंजिन तापतं.

तापण्यावरून आठवलं, ५५ ला रेडिएटर बसवायच्या दोन जागा आहेत, व्ही-८ चा पुढच्या सपोर्ट फ्रेमच्या मागे आणि सहा सिलिंडरचा पुढे. पुढच्या जागेत बसवा, फॅनला जागा मिळते, आणि फॅनभोवती श्राउड (हवा कोंडणारं कवच) टाकाच.

गिअरचं गणित कागदावर करा. ताशी मैल गुणिले मागच्या एक्सलचा रेशो गुणिले ३३६, भागिले टायरचा व्यास इंचात, की आरपीएम मिळतात. २९ इंची टायरवर ४.५६ चा रेशो म्हणजे ६५ मैलांना जवळजवळ ३४३० आरपीएम, ३.७३ असेल तर २८१०. ओव्हरड्राइव्ह (इंजिन हळू फिरवणारा वरचा गिअर) नसेल तर ४.५६ वर हायवेने तासभर जाऊन बघा, कान बधिर होतात. मागे फोर्डचा ९ इंची एक्सल टाकला की अजून एक भानगड, शेवीच्या चाकाचे पाच बोल्ट ४.७५ इंचांवर आणि फोर्डचे ४.५ वर, म्हणजे पुढची स्टेपनी मागे लागणार नाही.

ब्रेकमध्ये लोक कॅमचा विचारच करत नाहीत. मोठा कॅम (व्हॉल्व्ह जास्त उघडणारा) टाकला की आयडलला इंजिनचा व्हॅक्यूम पडतो, मग त्या व्हॅक्यूमवर चालणारा ब्रेक बूस्टर असून नसल्यासारखा आणि पेडल दगडासारखं. अशा इंजिनला बूस्टर काढून साधा मास्टर सिलिंडर बरा, आणि त्याचा बोअर मोठा घेऊ नका, बोअर जेवढा मोठा तेवढा पाय जास्त जोरात दाबावा लागतो. पुढचे बारीक टायर दिसायला सुंदर, पण ब्रेक मारताना जमिनीला तेवढंच रबर लागतं हे विसरू नका, आणि रस्त्यासाठी चारही टायरवर डीओटीचा (अमेरिकन वाहतूक खात्याचा) शिक्का पाहिजे.

ट्रॅकवर जायचं तर एनएचआरएच्या (ड्रॅग रेसिंगच्या संघटनेच्या) नियमात पाव मैलाला ११.४९ सेकंद किंवा त्याहून फास्ट गेलात की रोल बार (गाडी उलटली तर वाचवणारा पाइप) लागतो, आणि स्लिक (नक्षी नसलेल्या रेसच्या) टायरवर १३.९९ पासूनच प्रोपेलर शाफ्टला लूप (तुटला तर अडवणारं कडं). बॅटरी डिकीत नेली की गाडीच्या मागे बाहेरून बंद करता येईल असा स्विच हवा, आणि इंजिन चालू असताना तो फिरवल्यावर इंजिन बंद पडलं पाहिजे. माझं पडलं नाही, कारण बॅटरी तुटली तरी अल्टरनेटर इग्निशनला करंट देत राहिला. अल्टरनेटरची चार्जिंगची वायर स्विचच्या बॅटरीकडच्या बाजूला न्या, बॅटरीजवळ त्या वायरला फ्यूज टाका, आणि गाडी ट्रेलरवर चढवण्याआधी घराच्या अंगणातच इंजिन चालू ठेवून तो स्विच दोन-तीनदा फिरवून बघा.