तळ्यावर फुलवा तरंगती बाग

अमेरिकेतील डॅलस शहरात फेअर पार्कच्या तळ्यात भोवतालच्या हिरवळीवरील खत वाहून येत असे, त्यामुळे शेवाळ माजले होते आणि काठही ढासळत होते. शिल्पकार पॅट्रिशिया जोहान्सन यांनी १९८१ ते १९८६ या काळात तेथे स्थानिक पाणवनस्पती लावून त्यांतून वनस्पतींच्याच आकाराच्या वळणदार पायवाटा नेल्या. वनस्पतींकडून पाणी स्वच्छ करून घ्यायचे, या त्याच विचाराने गावच्या किंवा सोसायटीच्या तळ्यावर तरंगती बाग करता येते. मात्र सांडपाण्याचा नाला थेट तळ्यात उतरत असेल तर आधी तो वळवावा, कारण इतका भार झाडांना पेलत नाही. तळे ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची परवानगीही प्रथम घ्यावी.

तोंडे घट्ट बंद केलेल्या पीव्हीसी पाइपांचे सुमारे एक मीटर बाजूचे षटकोनी सांगाडे करून त्यांवर काथ्याच्या दोरीची जाळी विणावी आणि काथ्याची चटई अंथरावी. एक सांगाडा मधोमध ठेवून भोवती सहा बांधले की सहा पाकळ्यांचे फूल होते. मधल्या भागात वाळ्याचे ठोंब पाने वीतभर छाटून लावावेत, तर कडेने लाल-पिवळी कर्दळ लावावी. मुळे थेट पाण्यात लोंबली पाहिजेत. माती घालण्याचा मोह टाळावा, कारण तिने वजन तर वाढतेच, शिवाय पाण्यात नको असलेली पोषकद्रव्येही मिसळतात. शोभेसाठी जलपर्णी आणू नये, हे वेगळे सांगायला नको.

लोंबणाऱ्या मुळांवर जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो आणि तो पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवतो. मोकळे झालेले नायट्रोजन आणि फॉस्फरस झाड पानांत साठवते. ती पाने वाळून पाण्यातच पडली तर सगळे पुन्हा पाण्यात जाते, म्हणून कापणी हेच या कलाकृतीचे खरे काम आहे. दर दोन-तीन महिन्यांनी पाने कापून तळ्यापासून दूर कंपोस्ट करावीत, आणि पाण्यात कारखान्याचे सांडपाणी येत असल्यास त्या पानांचे कंपोस्टही करू नये. कापताना रचनेचा तोल पाहून एकाआड एक पाकळी छाटावी, म्हणजे फूल उघडे पडत नाही.

पाण्याचा बराचसा पृष्ठभाग मोकळा ठेवावा. बाग जागीच धरून ठेवणाऱ्या नांगराचा दोर पावसाळ्यातील पाण्याची पातळी धरून सैल सोडावा. गणेशविसर्जन तेथेच होत असेल तर आदल्या दिवशी सांगाडे सोडवून एका कडेला ओढून घ्यावेत.