काचेच्या ऑप्टिकल फायबरला पॉलिमरची जोड देऊन तापमान-संवेदक कसा तयार करावा

सिलिका काच उष्णतेने फारच थोडी प्रसरण पावते, तर पीडीएमएस हा सिलिकॉन पॉलिमर तिच्या सुमारे ५०० पट प्रसरण पावतो. त्यामुळे प्रकाश वाहून नेण्याचे काम काचेकडे आणि तापमान ओळखण्याचे काम पॉलिमरकडे सोपवणे सर्वांत सोयीचे ठरते.

मात्र फायबरच्या टोकावर पॉलिमरचा थेंब थेट लावू नये. काचेचा अपवर्तनांक सुमारे १.४५ आणि पीडीएमएसचा १.४१ असल्याने त्या सीमेवरून जेमतेम ०.०२ टक्के प्रकाश परत येतो. शिवाय तापल्यावर थेंबाची लांबी वाढते तसा त्याचा अपवर्तनांक घटतो आणि दोन्ही परिणाम जवळपास एकमेकांना खोडून काढतात. दोहोंमध्ये हवेची फट ठेवली, तर दोन्ही पृष्ठभागांवरून सुमारे तीन-तीन टक्के प्रकाश परततो आणि व्यतिकरण (परतलेल्या दोन लहरी मिळून काही तरंगलांबींना प्रकाश वाढणे, काहींना घटणे) ठळक दिसते. तापल्यावर पॉलिमर फुगून ही फट अरुंद होते आणि तापमान त्यावरून कळते.

सुमारे १३० मायक्रोमीटर आतील व्यासाची काचेची केशनळी घ्यावी. सिलगार्ड १८४ या तयार मिळणाऱ्या पीडीएमएसचे दोन घटक वजनाने १०:१ प्रमाणात मिसळून निर्वातात बुडबुडे काढावेत आणि नळीचे टोक त्या मिश्रणाला क्षणभर टेकवावे. द्रव आपोआप वर चढतो. हा स्तंभ १०० अंश सेल्सिअसला ३५ मिनिटांत घट्ट होतो, पण घाई नसल्यास खोलीच्या तापमानाला ४८ तास ठेवणे मला अधिक योग्य वाटते, कारण त्यामुळे आकुंचन कमी होते. नंतर नळीचे हे टोक इपॉक्सीने बंद करावे, म्हणजे पॉलिमर फक्त फटीच्या दिशेने सरकेल.

आवरण काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, क्लीव्हरने (फायबर कापण्याच्या उपकरणाने) काटकोनात कापलेले १२५ मायक्रोमीटरचे सिंगल-मोड फायबर दुसऱ्या टोकाने सूक्ष्मदर्शकाखाली आत सरकवावे आणि त्याच वेळी परावर्तित वर्णपट पाहत राहावे. १५५० नॅनोमीटरजवळ लगतच्या दोन दऱ्यांमधील (परतणारा प्रकाश सर्वांत कमी असलेल्या तरंगलांबींमधील) अंतर ४० नॅनोमीटर झाले, की फट ३० मायक्रोमीटरची झाली असे समजावे आणि फायबर चिकटवावे. गोंद दाटच हवा, कारण पातळ गोंद भोवतालच्या अरुंद जागेतून थेट फटीत शिरतो.

पॉलिमरचा स्तंभ किती लांब ठेवावा, हा खरा निर्णय आहे. फट अर्ध्या तरंगलांबीने बदलली की वर्णपट पुन्हा पहिल्यासारखा दिसतो; १०० मायक्रोमीटरच्या स्तंभाला त्यासाठी ढोबळ हिशेबाने नऊ अंश पुरतात. त्याहून मोठा तापमानाचा पल्ला हवा असल्यास स्तंभ आखूड करावा. फट बदलून हा पल्ला वाढत नाही.

अंशांकनासाठी, म्हणजे कोणत्या तरंगलांबीला किती तापमान हे ठरवण्यासाठी, संवेदक प्लॅटिनम रोध तापमापकासह जलकुंडात ठेवून, तापमान स्थिरावल्यावर एकाच दरीची तरंगलांबी नोंदवावी. तापताना ती कमी होत जाईल. थंड होतानाही त्याच तापमानांना नोंदी घेऊन दोन्ही वक्र जुळतात का, हे तपासावे.