दगडातून आलेले आगंतुक: मारण्याआधी ओळखा

अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला आमच्या हॉलमध्ये ४० गॅलनचा, म्हणजे साधारण १५० लिटरचा रीफ टँक, म्हणजे प्रवाळांचा खाऱ्या पाण्याचा टँक आहे. त्यातला लाइव्ह रॉक, म्हणजे जीव वसलेला समुद्रातला दगड, फ्लोरिडाचा. तिथे समुद्रातला नैसर्गिक दगड उचलायला बंदी आहे, म्हणून या दगडाची शेती करणारे खाणीतला चुनखडक भाडेपट्ट्याच्या समुद्रतळावर टाकतात आणि काही वर्षांनी काढतात. तोवर त्याच्या भोकाभोकांत ज्यांनी बिऱ्हाड थाटलेलं असतं, ते सगळे खोक्यातून आपल्याकडे येतात.

दगड थेट टँकमध्ये टाकू नका. पांढऱ्या बादलीत खारं पाणी घ्या, हीटर आणि छोटा पंप लावा आणि दगड तीन-चार आठवडे तिथेच ठेवा. दिवे बंद केल्यावर दोन तासांनी टॉर्चवर लाल जिलेटिन लावून बघा. लाल उजेडाला खेकडे-कोळंब्या सहसा बिचकत नाहीत. दिसेल त्याचा फोटो काढा, शेजारी काहीतरी मापाचं धरा, आणि त्या रात्री बाकी काहीच करू नका.

सगळ्यात जास्त घबराट उडते ती ब्रिसल वर्ममुळे. गुलाबी-केशरी, घोणीसारखा लांब, आणि प्रत्येक वळ्याला दोन्ही बाजूंनी पांढऱ्या केसांचे झुबके. हा उरलेलं अन्न आणि मेलेलं खाऊन टँक साफ ठेवतो, त्याला राहू द्या. फक्त उघड्या हाताने दगड उचलू नका. केस बोटात घुसलेच तर चिकटपट्टीने ओढून काढा. अंगावर धातूसारखी चमक, डोक्यावर पाच मिशा आणि जबडे दिसले तर तो युनिस. मोठा झाला की मासेही पकडतो. त्याला दगडासकट वेगळं करा.

खेकड्यांचं मला आईने शिकवलं. ती वेंगुर्ल्याची, कुर्ल्या साफ करण्यात हयात गेली. इथे आली असताना दगडाच्या फटीत पाय हलताना दिसले, मी रंग सांगत बसले, तर ती म्हणाली, "आदी डेंगे बघ." अगदी बरोबर. नांग्यांची टोकं चमच्यासारखी खोलगट असतील तर खेकडा बहुधा शेवाळ खरवडून खाणारा. टोकं काळी आणि अणकुचीदार, नांगे जाड आणि पाय केसाळ असतील तर तो गोगलगायी आणि झोपलेले मासे सोडणार नाही. पकडायला काचेचा छोटा ग्लास दगडाला तिरका टेकवा, आत कोळंबीचा तुकडा टाका. रात्री आत उतरतो, गुळगुळीत काचेवरून त्याला वर चढता येत नाही.

रात्री टँकमधून 'टक्' असा आवाज आला तर दोन शक्यता: मँटिस श्रिंप किंवा पिस्तूल कोळंबी. मँटिस श्रिंपचे डोळे देठावर असतात आणि प्रत्येक डोळा वेगळा फिरतो. पुढचे हात छातीखाली दुमडलेले. तो शंख फोडतो, त्याला वेगळ्या भांड्यातच ठेवावं लागतं. पिस्तूल कोळंबीचा एक नांगा दुसऱ्यापेक्षा कितीतरी मोठा. तो झटक्यात मिटला की पाण्यात बुडबुडा होऊन फुटतो, आवाज त्याचा. आमच्याकडे तीन रात्री टकटक चालली होती. मी तो दगड गोड्या पाण्यात बुडवायच्या बेतात होते. चौथ्या रात्री लाल उजेडात भोकाच्या तोंडाशी तो एकच जाडजूड नांगा दिसला, म्हणजे ही मँटिस नव्हे, पिस्तूल कोळंबी, आणि मी बादली परत ठेवून दिली.

आता एपटेशिया. तपकिरी, काचेसारखं अर्धपारदर्शक समुद्रफूल (फुलासारखा दिसणारा प्राणी), लांब टोकदार सोंडा, सावली पडली की चटकन आत. हे मी कात्रीने कापलं. बुडाशी राहिलेल्या प्रत्येक कणातून नवं उगवलं आणि महिन्याभरात एकाची डझनभर झाली. याला औषध चुनाच, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. पानाचा सुगंधी चुना नको, टँकसाठी मिळणारी साधी पूड घ्या. आरओच्या पाण्यात दाट कालवा, चष्मा लावा, पंप बंद करा आणि सिरिंजने हळूच त्याच्या तोंडावर सोडा. पंधरा मिनिटांनी पंप सुरू. एका दिवशी तीन-चारच, नाहीतर पाण्याचा पीएच चढतो. पेपरमिंट कोळंबीही याला खाते, पण प्रत्येक खाईलच असं नाही.

बाकीचे पटापट. काचेवर पांढऱ्या बारीक चकल्या: स्पायरॉर्बिड, निरुपद्रवी. पाठीवर आठ पट्ट्यांचा चिकटलेला जीव: कायटन, शेवाळ खातो. बाजूने दाबल्यासारखा, उड्या मारणारा अँफिपॉड माशांचं खाणं. वरून दाबलेला, मोठ्या डोळ्यांचा आणि सुसाट पोहणारा आयसोपॉड मात्र माशांना चावतो, त्याला काढा.

एक गोष्ट कधीही करू नका: दगड उकळू नका. त्यावर पॅलिथोआ, म्हणजे बटणांसारखे तपकिरी-हिरवे पॉलिप, असू शकतात. त्यांच्यातलं पॅलिटॉक्सिन हे विष वाफेबरोबर श्वासात जातं आणि घरातली माणसं हॉस्पिटलात गेली आहेत. दगड घासतानाही हातमोजे आणि चष्मा हवाच.

गावाकडून भाचा विचारतो, मालवणच्या खडकावरचा एखादा तुकडा आणून टँकमध्ये टाकू का? नको. कठीण सांगाड्याची प्रवाळं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. ओहोटीला जा, डबक्याशेजारी बस, आणि तिथेच नांगे बघायला शीक.