इमॅजिकाला जाताय? आधी रांगेचा हिशोब मांडा

खोपोली-पाली रस्त्यावरचं इमॅजिका हे राइडचं मोठं पार्क २०१३ साली सुरू झालं, तेव्हापासून आमच्या घरातला, ओळखीतला, सोसायटीतला जो कोणी तिकडे निघतो तो आधी मला फोन करतो. बहुतेकांनी त्याआधीच कुणाकुणाचे सल्ले गोळा केलेले असतात. भरपूर पाणी प्या, टोपी घ्या, पॉवर बँक विसरू नका. अहो, एवढं तर शाळेच्या सहलीलाही कळतं. टोपी विसरली म्हणून कुणाचा दिवस वाया जात नाही. दिवस वाया जातो तो रांगेत. तेव्हा बाकीचं भराभर उरकतो आणि रांगेवर सविस्तर बोलतो.

दिवस कोणता निवडावा

‘आठवड्याच्या मधल्या वारी जा, रिकामं असतं’ हा सल्ला अर्धाच खरा आहे. डिसेंबर-जानेवारीत नेमक्या याच वारांना शाळांच्या सहली येतात आणि एकेका शाळेच्या चार-चार बसेस पार्किंगमध्ये उभ्या असतात. तेव्हा जाणं भागच असेल तर एवढं लक्षात ठेवा की सहलीच्या मुलांना वेळेत परत न्यायचं असतं, त्यामुळे चार-साडेचारला शिट्ट्या वाजायला लागतात आणि रांगा ओसरतात. अशा दिवशी मोठ्या राइड संध्याकाळवर ढकलल्या तरी चालतं. इतर दिवशी मात्र चुकूनही नाही.

माझ्या मते सगळ्यात चांगला काळ म्हणजे फेब्रुवारीचा उत्तरार्ध आणि मार्च. दहावी-बारावीच्या परीक्षा चालू असतात, बाकीच्या मुलांच्याही जवळ आलेल्या असतात, आणि ऊन अजून अंगावर आलेलं नसतं. पितृपक्षही वाईट नाही. जून मध्यावर शाळा उघडल्या की गर्दी एकदम उतरते, पण खोपोली बोरघाटाच्या पायथ्याशी आहे आणि तिथला पाऊस म्हणजे पाऊस. विजा चमकू लागल्या की उघड्यावरच्या राइड थांबतात, आणि ते योग्यच आहे. ज्यांना मुख्यतः छपराखालच्या राइड करायच्या आहेत त्यांनी पावसाळ्यात खुशाल जावं. नायट्रोसाठी, म्हणजे उघड्यावरच्या मोठ्या रोलर कोस्टरसाठी, जाणाऱ्यांनी जाऊ नये.

दिवाळीची सुट्टी, नाताळचा आठवडा आणि मे महिन्यातले रविवार टाळा. टाळता येत नसतील तर जास्तीचे पैसे भरून छोट्या रांगेचं एक्सप्रेस तिकीट घ्या, कुरकुर करू नका. साध्या मंगळवारी मात्र ते घेणं म्हणजे पैसे उधळणं.

पोचायचं कसं

एक्सप्रेस वेनं येऊन खोपोलीला उतरायचं आणि पालीचा रस्ता धरायचा. शनिवारी सकाळी मुंबईहून पुण्याकडे जाणारी निम्मी दुनिया लोणावळ्याला निघालेली असते, म्हणून खालापूरचा टोलनाका सातच्या सुमारास पार झालेला बरा. लोकलनं येणाऱ्यांना कर्जतहून खोपोलीची गाडी आहे, पुढे रिक्षा.

‘वाटेत बल्लाळेश्वराचं दर्शन घेऊ आणि मग इमॅजिका’ हा बेत करू नका. पाली त्याच रस्त्यावर पुढे आहे आणि महडचा वरदविनायकही जवळच, त्यामुळे मोह होतो. पण दर्शन, प्रसाद आणि मिसळ आटोपून तुम्ही गेटवर साडेबारा-एकला पोचता, म्हणजे दिवसातले सगळ्यात मोलाचे दोन तास गेलेले असतात. देव दुसऱ्या दिवशीही तिथेच आहे. खोपोलीत किंवा गेटशेजारच्या नोव्होटेलमध्ये एक मुक्काम करा आणि दर्शनाला परतीच्या दिवशी जा.

मुलांची उंची घरीच मोजा

प्रत्येक राइडला उंचीची अट असते आणि तिथला माणूस दोन बोटांचीही सूट देत नाही. ती द्यायचीच नसते, कारण खांद्यावरचा दांडा एका ठरावीक अंगकाठीच्या हिशोबानं बसवलेला असतो. वेबसाइटवरच्या अटी वाचा, मुलांना दाराच्या चौकटीला उभं करा आणि कोणाला काय मिळणार नाही हे घरीच सांगून टाका. पाऊण तास रांगेत उभं राहिल्यावर पट्टीपाशी अडवलेल्या नऊ वर्षांच्या पोराची समजूत काढण्यापेक्षा हे सोपं असतं.

आता खरं काम: रांगेचा क्रम

हे गणित मला सगळ्यात उशिरा उमगलं. कोणी समजावून सांगत नाही, कारण बहुतेकांना रांग म्हणजे नशीब वाटतं. रांग हा साधा भागाकार आहे. पुढे उभी माणसं भागिले तासाला सुटणारी माणसं. पुढची माणसं तुम्हाला दिसतात. दुसरा आकडा राइडनुसार प्रचंड बदलतो, आणि तो कोणी पाहत नाही.

समजा एका गाडीत वीस जण बसतात आणि दर दोन मिनिटांनी एक गाडी सुटते, तर तासाला सहाशे माणसं पार होतात. पुढे तीनशे असतील तर अर्धा तास. हीच राइड गर्दी कमी म्हणून किंवा दुरुस्तीसाठी एकाच गाडीवर चालवत असतील आणि गाडी दर चार मिनिटांनी सुटत असेल, तर तेवढ्याच लांबीच्या रांगेला एक तास लागतो. म्हणून रांगेत शिरण्याआधी बाहेर उभं राहून घड्याळ लावा. दोन गाड्या सुटेपर्यंत थांबा. तेवढी तीन-चार मिनिटं तुमचा अर्धा तास वाचवतात. एकच गाडी फिरताना दिसली आणि रांग जिन्याच्या खालपर्यंत आली असेल, तर सरळ पुढे चला. ‘आता आलोच आहोत तर’ म्हणून घुसू नका.

एवढं समजलं की राइडचे तीन गट आपोआप पडतात.

पहिला गट रोलर कोस्टरचा. नायट्रोची उंची सुमारे ४० मीटर, वेग ताशी शंभरच्या वर, आणि ती पाच वेळा माणसाला उलटं करते. शिवाय पायाखाली तळ नाही, सुटायच्या आधी फलाटाची जमीनच बाजूला सरकते. त्यामुळे चपला काढून ठेवाव्या लागतात आणि त्या काढण्या-घालण्यातच वेळ जातो. पट्ट्याचे बूट घाला. डीप स्पेस अंधारात आहे आणि गाडी बाहेरून दिसत नाही, म्हणून तिच्या रांगेचा अंदाजच लागत नाही. या दोन्ही सकाळी, दारं उघडल्या उघडल्या करायच्या. आधी नायट्रो, कारण ती उघड्यावर आहे. मे महिन्यात आणि ऑक्टोबरात दुपारनंतर ढग भरून येतात, तेव्हा सकाळी सोडलेली नायट्रो संध्याकाळी मिळेलच असं नाही.

दुसरा गट एका जागी हलणाऱ्या राइडचा. लोलकासारखी झुलणारी स्क्रीम मशीन आणि वरून सोडून देणारा मनोरा. यात एक तुकडी बसते, तिचे पट्टे तपासले जातात, राइड होते, सगळे उतरतात आणि मग पुढची तुकडी चढते. हलणं दोन मिनिटांचं, बाकी सगळी चढ-उतर. अशी रांग दिसायला छोटी आणि सरकायला मंद असते. लोक नेमके इथे फसतात: ‘इथे तर पन्नासच आहेत’ म्हणून उभे राहतात. याही सकाळीच, कोस्टरच्या पाठोपाठ उरका.

तिसरा गट सिनेमागृहासारखा. आय फॉर इंडियात पाय अधांतरी ठेवून देशावरून उडाल्यासारखं वाटतं. तिथे एका खेळाला मोठा घोळका आत जातो आणि दारात जमलेली गर्दी एका दमात गिळली जाते. अशा ठिकाणी रांगेच्या लांबीला घाबरायचं कारण नाही. या भर दुपारी, उन्हाच्या वेळी ठेवा. बंदुकीनं नेम धरत जायची अलीबाबाची सफर आणि सलीमगढचा भुताचा किल्लाही दुपारचेच.

बहुतेक लोक करतात याच्या बरोबर उलट. गेटातून आत आल्यावर समोर जे दिसेल त्या रांगेत उभे राहतात, मग गोल फिरत फिरत दुपारी दोनला नायट्रोपाशी पोचतात आणि तिथे सगळं गाव जमलेलं असतं. गोराईच्या एस्सेलवर्ल्डवर वाढलेल्या आमच्या पिढीला तर रमतगमत फिरायची सवयच आहे. सकाळी रमतगमत नाही. आत शिरल्यावर फोटो काढायला थांबू नका, पृथ्वीगोल आणि कमानी संध्याकाळीही तिथेच असतात आणि उजेडही छान पडतो. ‘मोठी राइड शेवटी ठेवा, मजा वाढते’ असं सांगणारा माणूस बहुधा सुट्टीच्या दिवशी तिथे गेलेलाच नसतो.

आता कुटुंबाचं. रांगेचा क्रम मोडतो तो बारा जणांचा गट एकत्र हलवण्याच्या हट्टामुळे. एकाला पाणी, एकाला बाथरूम, काकूंची सेल्फी, आणि तोवर पुढे दोनशे माणसं लागतात. पहिले दोन तास फुटा. कोस्टरवाले एकीकडे, लहान मुलं आणि त्यांच्यासोबतचं एक मोठं माणूस दुसरीकडे, छोट्यांच्या उडत्या हत्तींपाशी. भेटायची जागा आणि वेळ सकाळीच ठरवा, फोनच्या भरवशावर राहू नका, कारण राइडवर तो लॉकरमध्ये असतो. नायट्रोच्या एका ओळीत चौघे बसतात. चार-चारचे गट करून रांगेत लागलात तर कोणी ताटकळत नाही. आणि दाराशी उभा माणूस ‘एकटं कोण आहे?’ असं विचारतो तेव्हा हात वर करणारा अर्धी रांग ओलांडून जातो. आमच्याकडची पोरं आता न सांगता हात वर करतात.

एक विनंती आजी-आजोबांच्या वतीनं. त्यांना बाकावर बसवून सहा पिशव्या, चार चपला आणि तीन फोन सोपवून जाऊ नका. लॉकर भाड्यानं घ्या. ज्यांची कंबर आणि रक्तदाब धड आहे त्यांना आय फॉर इंडियाला न्या. माझ्या सासूबाई ‘मी नाही हो बसणार’ म्हणत गेल्या आणि हिमालय आल्यावर पायातली चप्पल पडेल म्हणून बोटं आवळून बसल्या होत्या. उतरल्यावर परत चला म्हणाल्या.

कुठल्या डब्यात बसायचं, हेही लगे हाथ सांगतो. शेवटची ओळ उतारावर सगळ्यात जोरात खेचली जाते, कारण पुढचे डबे आधीच खाली सुटलेले असतात. पहिल्या ओळीत नजरेसमोर काहीच नसतं, पण ओढ त्या मानानं कमी. पहिल्यांदाच बसणाऱ्याला मधे बसवा. ज्याला बस लागते त्याला कोस्टर एक वेळ सोसेलही, पण पडद्यासमोर हलणाऱ्या खुर्च्या सोसतीलच असं नाही. तिथे डोळे एक सांगतात आणि कान-डोकं दुसरंच, त्यामुळे पोट ढवळतं. मळमळायला लागलं तर पडद्याकडे बघायचं सोडा, डोळे मिटा.

जेवण

बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, तेव्हा सकाळी पोटभर खाऊन या. दुपारी एक वाजता जेवायला जाऊ नका, तेव्हा अख्खा पार्क जेवत असतो. त्या तासात राजासॉरसच्या बोटीत बसा. चिंब भिजायला होतं आणि दुपारच्या उन्हात कपडे तासाभरात वाळतात. जाता जाता मुलांना सांगा की राजासॉरस हा डायनासोर कुणी मनानं रचलेला नाही, त्याची हाडं गुजरातेत खरोखर सापडली आणि २००३ मध्ये त्याला हे नाव मिळालं. जेवा अडीचला, हलकं. त्यानंतर तासभर काहीही उलटंपालटं नको.

संध्याकाळ

परेडच्या वेळी सगळे रस्त्याच्या कडेला उभे राहतात आणि कोस्टरच्या रांगा रिकाम्या होतात. पहिल्यांदाच आला असाल तर परेड बघा, मुलांना फार आवडते. आधी बघितली असेल तर नायट्रोकडे पळा, अंधार पडताना ती वेगळीच लागते. मोठ्या राइडची रांग कधी बंद करतात हे तिथल्या माणसाला पाचच्या सुमारासच विचारून ठेवा.

इमॅजिकाचा वॉटर पार्क त्याच दिवशी करू नका. त्याचं तिकीट वेगळं, कपडे वेगळे, सुती चालत नाहीत, नायलॉनचेच लागतात. दोन्ही एका दिवसात कोंबणारे दोन्हीकडे अर्धवट फिरतात. दोन दिवस असतील तर पहिला दिवस राइडचा, दुसरा पाण्याचा, कारण पाण्यात खेळून दमलेलं अंग दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर गेटवर पोचत नाही.

परत निघताना

पुण्याकडे जाणाऱ्यांना रविवारी रात्री फारसा त्रास नाही. मुंबईकडे निघालेल्यांना घाटातून उतरणारं सगळं लोणावळा पुढे भेटतं. तेव्हा सातला गडबडीनं निघू नका. खोपोलीत जेवून घ्या, मुलांना गाडीतच रात्रीचे कपडे घाला आणि साडेनऊ-दहाला एक्सप्रेस वेवर चढा. सोमवारी सकाळची शाळा असेल, तर दप्तर भरून ठेवायचं काम शनिवारीच केलेलं असावं.