म्युनिक ऑलिंपिकची २४ नाणी: संच कसा जमवायचा

खेळांवरची चांदीची नाणी जमवायची म्हटलं की लोक दिसेल ते घेत सुटतात आणि शेवटी डब्यात पंधरा देशांची सुटी नाणी उरतात. त्यापेक्षा पुरा होईल असा एकच संच धरा. पश्चिम जर्मनीने १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकसाठी काढलेली १० मार्कची नाणी सुरुवातीला उत्तम. एकूण १० कोटी पाडली होती, त्यामुळे आजही सहज मिळतात.

कागदावर सहा रकाने आणि चार ओळी आखा. रकाने नक्षीचे: सर्पिल किरण दोनदा, मग गाठ, खेळाडूंची जोडी, स्टेडियम, ज्योत. ओळी टाकसाळींच्या: डी म्युनिक, एफ श्टुटगार्ट, जी कार्ल्सरूह, जे हॅम्बुर्ग. हे रोमन अक्षर गरुडाच्या बाजूला असतं, भिंगातून बघा. अनेकदा सहा नक्षी एकाच टाकसाळीच्या देऊन ‘पूर्ण संच’ म्हणून विकतात.

किरण दोनदा का? पहिल्या नाण्यावर खेळ ‘इन डॉइचलांट’ (जर्मनीत) असं छापलं होतं. यजमानपद देशाला नव्हे, शहराला असतं, अशी हरकत पूर्व जर्मनीने घेतली. मग ‘इन म्युन्शेन’ (म्युनिकमध्ये) आलं. पहिलं नाणंही १ कोटी पाडलेलं आहे, ‘दुर्मीळ’ म्हणून दुप्पट पैसे मोजू नका.

भाव स्वतः काढा. वजन १५.५ ग्रॅम, चांदी ६२.५ टक्के, म्हणजे शुद्ध चांदी ९.६९ ग्रॅम. चांदीच्या किलोच्या भावाला हजाराने भागा आणि ९.६९ ने गुणा. वापरलेल्या नाण्याला याहून फार जास्त देण्यात अर्थ नाही. प्रूफ, म्हणजे संग्राहकांसाठी खास चकचकीत पाडलेल्या नाण्यांचा हिशेब वेगळा.

खरेपणासाठी ०.०१ ग्रॅमचा काटा आणि व्हर्नियर (व्यास मोजायचं साधन) हवा. व्यास ३२.५ मिमी. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून शून्य करा आणि नाणं दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला टेकू न देता. आकडा १.५७ ग्रॅमच्या आसपास यायला हवा. १.७ च्या वर गेला तर बहुधा तांबं-निकेल आहे. नाण्याला चिकटलेले बुडबुडेही आकडा वाढवतात, म्हणून दोनदा मोजा.

नाण्यात चांदीखेरीज उरलेला भाग तांब्याचा, त्यामुळे पावसाळी हवेत डाग लवकर पडतात. पीव्हीसीच्या मऊ पाकिटात ठेवलंत तर हिरवा चिकट थर चढतो. मायलरची (पॉलिएस्टर प्लॅस्टिकची) पाकिटं आणि ओल शोषणारं सिलिका जेल वापरा. तो हिरवा थर शुद्ध ॲसिटोनमध्ये काचेच्या भांड्यात बुडवून निघतो. खिडकी उघडी ठेवा, जवळ गॅस नको. चिंच, टूथपेस्ट, पितांबरी अजिबात नको: बारीक ओरखडे कायमचे राहतात. ॲसिटोनमधून काढलेलं नाणं कडेने धरा आणि आपोआप वाळू द्या, पुसू नका.