नेल गन घेण्याआधी भिंतीत काय आहे ते बघा

उन्हाळा जवळ आला की ओळखीतलं कुणी ना कुणी घर घेतं आणि पहिल्याच महिन्यात मला विचारतं, "ताई, कुठली नेल गन घेऊ?" नेल गन म्हणजे बॅटरीच्या किंवा दाबलेल्या हवेच्या जोरावर खिळे मारणारं यंत्र. आम्ही न्यू जर्सीत घर घेतलं त्याला १९ वर्षं झाली. तेव्हा हे सांगणारं आम्हाला कुणी भेटलं नाही आणि त्याचे पैसे आम्ही मोजले. म्हणून सविस्तर लिहिते.

आपण विटांच्या भिंतींत वाढलो. तिथे खिळा मारायचा म्हणजे ड्रिलने भोक पाडायचं, प्लग सारायचा, झालं. इथली भिंत म्हणजे उभे लाकडी दांडे, ज्यांना स्टड म्हणतात, आणि त्यांवर अर्धा इंच जाडीचं ड्रायवॉल, म्हणजे जिप्समचा बोर्ड. दांडे बहुतेक घरांत १६ इंचांवर असतात. खिळा धरतो तो दांड्यात. मधे पोकळी असते आणि तिच्यातूनच पाण्याचे पाइप आणि वायरी गेलेल्या असतात. हे डोक्यात बसलं नसेल तर कुठलीच गन घेऊ नका.

स्कर्टिंग, म्हणजे इथलं बेसबोर्ड, आणि दाराखिडक्यांच्या पट्ट्या बसवण्यासाठी १८ गेजची ब्रॅड नेलर, म्हणजे बारीक खिळे (ब्रॅड) मारणारी गन घ्या. गेजचा आकडा वाढतो तसा खिळा बारीक होतो. २३ गेजच्या पिनेला डोकंच नसतं, ती नाजूक कामाला. १५ आणि १६ गेजचे खिळे जाड, ते जड दारांच्या चौकटींना. १८ गेजचं भोक इतकं लहान पडतं की थोडी पुट्टी भरली की रंगाखाली दिसतही नाही. फ्रेमिंग नेलर, म्हणजे घराचा लाकडी सांगाडा ठोकायची मोठी गन, विकत घेऊ नका. डेक, म्हणजे घराबाहेरचा लाकडी ओटा, बांधायचा असेल तर आधी टाउनशिपचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, परमिट काढा, मग गन दिवसाच्या भाड्याने आणा.

बॅटरीची की हवेवरची? हवेवरची गन हलकी आणि स्वस्त, पण कॉम्प्रेसर आणि नळी आली, आणि टाउनहाउसमध्ये त्याचा आवाज शेजाऱ्यांच्या घरात जातो. वर्षातून चारदा काम करणाऱ्याने बॅटरीचीच घ्यावी. फक्त लक्षात ठेवा, एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या यंत्राला बसत नाही. तुमचं ड्रिल र्‍योबीचं असेल तर गनही र्‍योबीची, डीवॉल्टचं असेल तर डीवॉल्टची. १८ व्होल्ट आणि २० व्होल्ट मॅक्स या आकड्यांत अडकू नका, आतली बॅटरी तेवढ्याच ताकदीची असते. मित्राने कुठली घेतली ते बघून घेऊ नका. आपल्या लोकांत हे फार चालतं.

चापाबद्दल मात्र माझं ऐकाच. काही गनमध्ये चाप दाबून ठेवला की टोक जिथे टेकेल तिथे खिळा सुटतो. दुसऱ्या प्रकारात आधी टोक टेकवायचं, मग चाप ओढायचा, आणि प्रत्येक खिळ्याला हे नव्याने करायचं. याला फुल सिक्वेन्शियल म्हणतात. घरात तीच हवी. ओशा आणि नायॉश या सरकारी संस्थांनी २०११ मध्ये काढलेल्या पुस्तिकेत, पहिल्या प्रकाराने दुखापतीचा धोका दुप्पट होतो असं स्पष्ट लिहिलं आहे. या देशात असली गन कुणीही दुकानातून उचलून आणू शकतो, कुणी शिकवत नाही. मला हे पटत नाही. डोळ्यांना झेड८७ छाप असलेला चष्मा लावा आणि दुसरा हात खिळ्यापासून फूटभर लांब ठेवा. लाकडाच्या रेषेवरून खिळा वळतो आणि बाजूने बाहेर येतो.

आता आमची चूक. वरच्या मजल्यावर बाथरूमच्या मागच्या भिंतीला मी बेसबोर्ड बसवत होते. "लांब खिळा घट्ट धरतो" असं कुणीतरी सांगितलं म्हणून १६ गेजची गन आणून अडीच इंची खिळे मारले. पाणी आलं नाही, काही नाही. जवळजवळ तीन महिन्यांनी खाली जेवणाच्या खोलीच्या छताला पिवळा डाग दिसला. खिळा पाइपात घुसला होता आणि त्यानेच भोक बुजवून ठेवलं होतं. तो गंजला तसं पाणी झिरपायला लागलं. छत फोडलं, प्लंबर आला, बुरशी काढावी लागली. विमा कंपनीने हात वर केले, कारण हळूहळू झिरपलेलं पाणी आमच्या पॉलिसीत बसत नव्हतं. सगळे मिळून ४,००० डॉलरच्या वर गेले आणि त्या वर्षीचं भारतात जाणं रद्द झालं. आई वाट बघत होती.

हिशोब साधा होता. बेसबोर्ड अर्धा इंच, ड्रायवॉल अर्धा इंच. अडीच इंची खिळा दांड्यात दीड इंच शिरतो. आणि नियम असा, की पाइप किंवा वायर न्यायला दांड्यात पाडलेलं भोक दांड्याच्या कडेपासून सव्वा इंचाच्या आत असेल तरच वर लोखंडी पट्टी लावतात. त्याहून खोल असेल तर पट्टी नसते. म्हणजे दांड्यात सव्वा इंचाहून खोल जाणारा खिळा मारलात तर पाइप आणि खिळा यांच्या मधे काहीच नाही. दोन इंची खिळा एकच इंच शिरतो आणि बेसबोर्डाला तेवढं पुष्कळ होतं. तुमचा बोर्ड पाऊण इंची असेल तर हिशोब पुन्हा करा. टेपने मोजा, अंदाजाने नको. स्टड फाइंडर दांडा दाखवतो, काही वायरही दाखवतात. प्लॅस्टिकच्या पाइपावर त्याचा भरवसा धरू नका.

आणखी एक, आणि हे मी रागाने लिहिते आहे. शनिवारी गन आणायची, काम उरकायचं आणि रविवारी "आवडली नाही" म्हणून परत करायची, हे आपल्यातले काही लोक करतात आणि नवीन आलेल्यांना शिकवतातही. करू नका. भाड्याने मिळते, कित्येक गावांत अवजारं उसनी देणारी टूल लायब्ररी असते, आणि शेजाऱ्याकडे मागितली तर तो हौसेने देतो, शिवाय दोन गोष्टी शिकवून जातो. मला जे येतं त्यातलं बरंचसं पलीकडच्या सत्तरीच्या आजींनी शिकवलं.

भारतात भावासाठी गन न्यायचा विचार असेल तर इथला चार्जर १२० व्होल्टचा, तिथे जळेल. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत.

गन आणल्यावर पहिली संध्याकाळ टाकाऊ फळीवर घालवा, निदान ३० खिळे मारा, खोली कमी-जास्त करून बघा. आणि बाथरूम किंवा स्वयंपाकघराच्या मागची भिंत असेल तर मी आता लांब खिळा मारतच नाही. बेसबोर्डाच्या मागे बांधकामाचा गोंद लावते आणि तो सुकेपर्यंत बोर्ड धरून राहावा एवढ्यापुरते सव्वा इंची ब्रॅड मारते.